कणा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? कोळंबीच्या काळ्या दोऱ्यापासून चाळकेवाडीच्या सरड्यापर्यंत

पृष्ठवंशीय प्राण्यांची लक्षणं दहावीच्या पोरांना तोंडपाठ असतात. पेपरात ती लिहितात, मार्कही मिळवतात. त्याच पोराला उसाच्या सरीत सापडलेला वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा साप, दाखवा. तो ठामपणे सांगतो, ‘‘गांडूळ आहे हे, याला कुठला कणा!’’ मी कराडला विज्ञान शिकवते आणि पाठांतर व ओळख यांच्यातलं हे अंतर दर वर्षी बघते. ते मिटवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सातारा-सांगली भागात मंडई, मटणाचं दुकान, शेताचा बांध आणि पावसाचं डबकं एवढ्यावर काम भागतं. पालकांनी, शिक्षकांनी किंवा मोठ्या मुलांनी आपापलं करून बघावं, म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे.

सामान साधंच आहे: हातात धरायचं भिंग, पांढरी बशी, चिमटा, सुई, शिवणाचा रंगीत दोरा आणि वही.

पायरी १ : आधी पाठ आणि पोट ठरवा

कणा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे हाड येतं. तिथेच घोटाळा होतो. शार्कच्या सांगाड्यात हाड नसतं, तो सगळा कूर्चेचा असतो, तरी शार्क पृष्ठवंशीय आहे. खेकड्याचं कवच दाताने फुटत नाही, तरी खेकडा अपृष्ठवंशीय. म्हणजे टणकपणावरून निकाल लावता येत नाही. बघायची असते ती शरीराची मांडणी: पाठीकडे काय आहे आणि पोटाकडे काय आहे.

प्राणी नेहमीच्या स्थितीत उभा आहे असं धरा आणि पाठीकडून पोटाकडे चला. पृष्ठवंशीयात सगळ्यात आधी चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंचा दोर, लागतो. तो एकच असतो आणि आतून पोकळ असतो. त्याच्या खाली पृष्ठरज्जू नावाचा लवचीक दांडा. हा गर्भावस्थेत तयार होतो आणि पुढे बहुतेक पृष्ठवंशीयांत त्याची जागा मणके घेतात. आपल्यातही तो अगदीच नाहीसा होत नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीच्या मधोमध जो मऊ गर असतो, त्याचं मूळ या पृष्ठरज्जूत आहे. कण्याच्या खाली अन्नमार्ग आणि पोटाच्या बाजूला हृदय.

गांडूळ, झुरळ, कोळंबी यांच्यात ही मांडणी बरोबर उलटी असते. त्यांचा चेतारज्जू पोटाकडून जातो, भरीव असतो, आणि हृदय किंवा मुख्य रक्तवाहिनी पाठीकडे असते. घरी कोळंबी येत असेल तर हे आजच बघून घ्या. साफ करताना तिच्या पाठीला चीर देऊन जो काळा दोरा ओढून काढतात, ते तिचं आतडं. पृष्ठवंशीयाच्या पाठीत त्या जागी चेतारज्जू असायला हवा होता. कोळंबीचा चेतारज्जू खाली, पोटाच्या कडेने जातो. हा एक दोरा बघितला की ‘पृष्ठ बाजू’ आणि ‘अधर बाजू’ हे पुस्तकातले शब्द पुन्हा समजावून सांगावे लागत नाहीत.

मांडणीची आणखी दोन लक्षणं आहेत. एक, घशाच्या बाजूंना पडणाऱ्या फटी, म्हणजे ग्रसनी-कल्लाविदरे. माशांत त्यांच्याशी कल्ले जोडलेले असतात. आपल्या गर्भात तिथे नुसत्या खाचा-उंचवटे उमटतात आणि त्यांतून जबडा, कान, गळा यांचे भाग घडतात. दोन, गुदद्वाराच्या मागेही चालू राहणारी शेपटी. माणसाच्या गर्भाला पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती स्पष्ट असते, पुढे तिचं माकडहाड उरतं.

एवढी लक्षणं असलेल्या सगळ्यांना समपृष्ठरज्जू प्राणी म्हणतात. त्यांतले समुद्रातले हर्डमानिया आणि ॲम्फिऑक्सस मणक्यांविनाच राहिले. ज्यांच्यात मेंदूभोवती कवटी आणि चेतारज्जूभोवती मणके आले, ते पृष्ठवंशीय. परीक्षेत याच ठिकाणी मार्क जातात: प्रत्येक पृष्ठवंशीय समपृष्ठरज्जू असतो, पण प्रत्येक समपृष्ठरज्जू पृष्ठवंशीय नसतो.

बाकीची लक्षणं भराभर सांगते. रक्त वाहिन्यांमधूनच फिरतं. हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत असतं. (गांडुळाच्या रक्तातही हिमोग्लोबिन आहे, पण ते रक्तद्रवात विरघळलेलं असतं, त्यामुळे ‘लाल रक्त’ एवढीच खूण धरू नका.) यकृत असतं आणि वृक्कांची, म्हणजे मूत्रपिंडांची, जोडी असते. आणि उपांगं फार तर दोन जोड्या, मग ते पाय असोत, पंख असोत की माशाचे जोडीचे पर. चारापेक्षा जास्त पाय मोजलेत तर तो प्राणी पृष्ठवंशीय नाही, हे डोळे झाकून सांगा. पाय एकही नसेल तर मात्र घाई करू नका. त्याचं कारण पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २ : माशाचा तुकडा

ज्यांच्या घरी मांसाहार नाही त्यांनी थेट पायरी ४ वर जायला हरकत नाही. बाकीच्यांनी ही पायरी चुकवू नये. कण्याची मांडणी इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

रोहू किंवा कटल्याचे आडवे तुकडे करून आणा. चिलापी किंवा कोकणातून येणारा बांगडा असेल तर अख्खा आणा. मासळीवाल्या मावशींना सांगून पोट त्यांच्यासमोरच फाडून घ्या आणि मुलाला शेजारी उभं करा. पोट उघडलं की आतडी, मग बहुधा पांढुरकी चमकदार पिशवी दिसते. तो वाताशय. त्याच्याही वर, कण्याला खालून चिकटून, गडद लाल पट्टा असतो. मावशी तो सुरीच्या टोकाने खरवडून टाकतात आणि पुष्कळ जण त्याला गोठलेलं रक्त समजतात. तो माशाचा वृक्क, म्हणजे मूत्रपिंड. हृदय शोधायचं तर डोक्याच्या मागे, कल्ल्यांच्या खाली, गळ्याशी बघा. लहानसं, लाल, पोटाच्या बाजूला. मांडणी पुस्तकाबरहुकूम निघते: वर कणा, मध्ये अन्नमार्ग, खाली हृदय.

आता शेपटीकडचा एक आडवा तुकडा पांढऱ्या बशीत ठेवा आणि भिंगातून मधला मणका बघा. त्याला दोन भोकं दिसतील, एक वर आणि एक खाली. वरच्या भोकात पांढुरका मऊ धागा असतो. तो चेतारज्जू. खालच्या भोकात लाल-काळपट रक्त असतं, कारण तिथून शेपटीच्या मुख्य रक्तवाहिन्या जातात. दोन्ही भोकांच्या कमानी पुढे निमुळत्या होऊन काटा बनतात, एक पाठीकडे, एक पोटाकडे. पोटाच्या भागातला तुकडा घेतलात तर खालची कमान दिसत नाही. तिच्या जागी दोन्ही बाजूंनी बरगड्या निघालेल्या दिसतात. त्या पोटातले अवयव कवेत घेतात.

कच्चा तुकडा बघून झाला की दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्यात उकडा. शिजलेलं मांस थराथराने सुटतं. पृष्ठवंशीयाच्या शरीरातले स्नायू मणक्यांच्या जोडीने असे खंडाखंडात मांडलेले असतात, आणि माशात ती मांडणी जन्मभर तशीच राहते. मांस सोडवताना रोहूत बारीक, दुफाटी काटे सापडतील. त्या बरगड्या नव्हेत. स्नायूंच्या थरांमधली ती वेगळी हाडं आहेत, आणि रोहू-कटल्याच्या कुळात ती फार असतात. चिलापी मुलांना खायला सोपी जाते ती यामुळेच.

मणके सुटे करून धुवा, सावलीत वाळवा. एक मणका बोटात धरा. त्याचा मधला भाग डमरूसारखा, दोन्ही तोंडांना खोलगट आणि मध्ये बारीक असतो. दोन मणके जोडले की मध्ये पोकळी तयार होते आणि पृष्ठरज्जूचा उरलेला मऊ भाग तिथे राहतो. खोलगट तोंडावर भिंग धरलं तर एकात एक वर्तुळं दिसतात. ती वाढीची वर्तुळं. काही जातींच्या माशांचं वय अभ्यासक त्यांवरून काढतात.

आता सुईत रंगीत दोरा ओवा आणि प्रत्येक मणक्याच्या वरच्या कमानीतून काढत मणके क्रमाने लावा. डमरूच्या मध्यातून नाही, वरच्या कमानीतून. हे काम मुलाला करू द्या, आपण फक्त बघा. तीन-चार मणके झाले की त्याच्या लक्षात येतं की दोऱ्याची वाट हाडाच्या बोगद्यातून आहे, आणि हा बोगदा चेतारज्जूला जपण्यासाठी आहे. कण्याची दोन कामं असतात, शरीराला आधार देणं आणि चेतारज्जूचं रक्षण करणं. दुसरं काम वाचून कळत नाही, दोरा ओवताना कळतं.

पायरी ३ : बकऱ्याची मान, कोंबडीची मान

मटणवाल्याला मानेचा भाग शक्यतो कमी तुकड्यांत द्यायला सांगा. सत्तूर कण्यावरून उभा चालला तर मणके दुभंगतात आणि मोजणी फसते. उकडून मांस काढलं की मानेचे ७ मणके मिळतात. बकऱ्याचे ७, म्हशीचे ७, उंदराचे ७, आपले ७ आणि जिराफाचेही ७. मान लांब हवी असेल तर सस्तन प्राण्यांत मणका लांब होतो, संख्या वाढत नाही. याला अपवाद दोन-तीनच, त्यांत दक्षिण अमेरिकेतले स्लॉथ येतात.

पहिला मणका अंगठीसारखा पोकळ कड्याचा असतो आणि त्यावर कवटी टेकते. दुसऱ्याला वर आलेली खुंटी असते आणि पहिला तिच्याभोवती फिरतो. ‘नाही’ म्हणून मान हलवताना आपण हाच सांधा वापरतो. दोन्ही हातात घेऊन एकमेकांत बसवून बघा.

इथे आणखी एक गैरसमज दूर होतो. रश्श्यात नळी चोखून जो मगज खातो, तो अस्थिमज्जा. तो हाडाच्या आत असतो आणि रक्तपेशी तयार होण्याची ती जागा. मणक्याच्या भोकातून निघणारा पांढरा मऊ दोरा वेगळा. तो चेतारज्जू, मेंदूपासून मागे लांबत गेलेला भाग. दोन्ही मऊ, दोन्ही हाडातून निघतात, म्हणून मुलं ते एकच समजतात. बशीत शेजारी-शेजारी ठेवा. मज्जा स्निग्ध आणि तपकिरी झालेली, चेतारज्जू पांढरा आणि एकसंध.

कोंबडीच्या मानेत साधारण १४ मणके निघतात, बकऱ्याच्या दुप्पट. त्यांची टोकं एका दिशेने फुगीर आणि दुसऱ्या दिशेने खोलगट असतात, म्हणून मान सगळीकडे वळते आणि चोच पाठीवरच्या पिसापर्यंत पोचते. पाठीचे मणके मात्र पुष्कळसे एकमेकांना जुळून घट्ट झालेले. उडणाऱ्या शरीराला पाठ ताठ हवी, हा हिशोब त्या हाडांत वाचता येतो.

पायरी ४ : डबक्यातलं भैकेर

जूनचा पाऊस स्थिरावला की पाटण, जावळी, शिराळा या पट्ट्यात रस्त्याकडेच्या प्रत्येक डबक्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लं, म्हणजे भैकेर, दिसू लागतात. पांढऱ्या वाटीत त्याच डबक्याचं पाणी घ्या. नळाचं घेऊ नका, त्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. त्यात एखाद-दुसरंच भैकेर अलगद घ्या.

भिंगातून शेपटी बघा. मध्ये जाड स्नायूंचा पट्टा, त्यावर तिरक्या खंडांच्या रेषा, वर-खाली पातळ पारदर्शक पडदा. त्या मधल्या पट्ट्याच्या आत पृष्ठरज्जू आहे. मग बाजूने बघा. पोट कुठे संपतं आणि विष्ठेचा धागा कुठून बाहेर येतो? शेपटीच्या मुळाशी. शेपटी त्याच्या मागे, कितीतरी लांब. गांडुळात गुदद्वार शरीराच्या अगदी टोकाला असतं, त्याच्या मागे काहीच उरत नाही. गुदद्वारामागची शेपटी हे लक्षण नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर भैकेरासारखं दुसरं काही नाही. पोटाच्या बाजूने आतड्याचं गोल वेटोळंही दिसतं.

दहा मिनिटांत बघून त्याच डबक्यात परत सोडा. आठवड्याने पुन्हा त्याच जागी जा. मागचे पाय आलेले, मग पुढचे, मग शेपटी आखूड होत गेलेली, कल्ले जाऊन फुप्फुसांवर आलेली ती पिल्लं एकाच डबक्यात वेगवेगळ्या टप्प्यांवर सापडतात. वाढलेल्या बेडकाच्या कण्यात मणके अवघे ९, आणि त्यांच्या मागे जुळून झालेला एक लांब दांडा. बेडूक पकडून चिरण्याची काहीही गरज नाही.

ज्यांना मासळी-मटण नको त्यांच्यासाठी हाडं बघण्याचा आणखी एक मार्ग आहे. जुन्या वाड्याचा माळा किंवा देवळाचं शिखर, जिथे गव्हाणी घुबड बसतं, तिथे खाली राखाडी-काळ्या केसाळ गोळ्या पडलेल्या असतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं व केस ओकून टाकतं. हातमोजे आणि मास्क घालून वाळलेली गोळी उचला, कोमट पाण्यात भिजवा, चिमट्याने सोडवा. एका गोळीत उंदराची कवटी, जबडे, बरगड्या आणि मणके मिळतात. घरट्याच्या जवळ मात्र जाऊ नका, आणि नंतर हात साबणाने धुवा.

पायरी ५ : दिसायला सारखे, आतून वेगळे

आता सुरुवातीच्या वाळ्याकडे येते. आपल्या भागात पावसाळ्यात तीन प्राणी एकमेकांसारखे दिसतात: गांडूळ, वाळा आणि देवगांडूळ. पहिल्याला कणा नाही, दुसरा साप आहे, तिसरा बेडकाच्या नात्यातला उभयचर. तिघांनाही पाय नाहीत.

हात लावायचा नाही. फक्त एक प्रश्न विचारा: चालताना याची लांबी बदलते का? गांडूळ पुढे सरकताना बारीक होऊन लांबतं, मग जाड होऊन आखडतं. ज्याच्या आत मणक्यांची रांग आहे त्याला असं करता येत नाही. वाळा आणि देवगांडूळ डावी-उजवीकडे वळणं घेत सरकतात. एकदा हे नजरेत बसलं की पुन्हा चूक होत नाही.

मग जवळून बघा. वाळ्याचं अंग कोरडं, चकचकीत, बारीक खवल्यांचं. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन काळे ठिपके, शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा, आणि मधूनच जीभ बाहेर. तो बिनविषारी, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खाणारा. या जातीत आजवर नर सापडलेला नाही. सगळ्या माद्या, आणि नराशिवायच त्यांची पिल्लं होतात. गांडुळाच्या अंगावर मात्र वळ्या असतात, खवले नसतात, आणि मोठ्या गांडुळाला पुढच्या भागात एक वेगळ्या रंगाचा पट्टा असतो.

देवगांडूळ कोयना-महाबळेश्वरच्या ओल्या जंगलपट्ट्यात पालापाचोळ्याखाली राहतं. त्याच्याही अंगावर वळ्या असतात, म्हणून नजर फसते. पण त्याला जबडा आहे, दात आहेत, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक बारीक स्पर्शक आहे. त्वचा ओली, बुळबुळीत. साप समजून लोक त्याला मारतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्यापासून कुणालाही धोका नाही.

बाकीची फसवी मंडळी एवढी अवघड नाहीत. नदीतली वाम लांबलचक असली तरी तिला पर आणि कल्ल्यांवरचं झाकण दिसतं, म्हणून ती मासा. स्टारफिश, जेलीफिश आणि पुस्तकातली कसर, जिला सिल्व्हरफिशही म्हणतात, यांतलं एकही मासा नाही, एकालाही कणा नाही. कासवाचं कवच म्हणजे बाहेरून चढवलेलं घर नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणके कवचाच्याच हाडात जुळलेले असतात, त्यामुळे कासव कवच सोडून बाहेर येऊ शकत नाही.

पायरी ६ : वर्ग ठरवा, पण प्रश्न याच क्रमाने

कणा आहे हे ठरलं, मग पाच प्रश्न.

पिसं आहेत? पक्षी. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला पीस नाही. हा प्रश्न पहिला ठेवायचा, कारण पक्ष्यांच्या पायांवर खवले असतात आणि खवल्यांपासून सुरुवात केली तर गोंधळ होतो.

केस आहेत? सस्तन. चांदोलीच्या जंगलातल्या खवले मांजराची पाठ पूर्ण खवल्यांची आहे, पण पोटाकडे केस आहेत आणि मादी पिल्लाला दूध पाजते. वटवाघळाचंही तसंच. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली त्वचा.

कोरडे खवले? सरीसृप. पाल, सरडा, साप, कासव, मगर.

ओली, उघडी त्वचा? उभयचर. बेडूक, भेक, देवगांडूळ.

पर आणि कल्ले? मासा. सगळ्या पृष्ठवंशीय जातींत निम्म्याच्या आसपास मासेच आहेत. खवले हा पुरावा धरू नका, शिवड्यासारख्या माशांना ते नसतात. (जबडा नसलेले चक्रमुखी प्राणी आपल्याकडे नदी-तळ्यात भेटत नाहीत, ते पुस्तकातच वाचावे लागतात.)

हृदयाचे कप्पे शेवटी घ्या, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत: माशांत २, उभयचरांत ३, सरीसृपांत साधारण ३, पक्षी आणि सस्तनांत ४. सरीसृपांतला अपवाद कृष्णेतच आहे. मगरीच्या हृदयात ४ कप्पे असतात.

साप दिसला तर

हा अभ्यास करणाऱ्यांना साप भेटतातच, म्हणून स्पष्ट लिहिते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप आपल्या भागात आहेत. सापाची ओळख लांबूनच पटवायची. मेलेलाही उचलायचा नाही, कारण विषारी सापाचं डोकं मेल्यावर काही वेळ चावू शकतं. घरात निघाला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप पकडणं, मारणं, बाळगणं गुन्हा आहे.

दंश झालाच तर तो हात किंवा पाय हलवू नका. चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जिथे प्रतिविष मिळतं अशा रुग्णालयात लगेच न्या.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्याकडे नागाबद्दल आदर आहे, तो असावाच. त्याच आदराने मुलांना हेही सांगा की साप दूध पीत नाही. दूध हे सस्तनांच्या पिल्लांचं अन्न. नागाचं अन्न उंदीर आणि बेडूक. आणि त्याला बाह्यकर्ण नाही, जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातून जाणवते.

कुठे, कधी, काय बघायचं

वहीत प्रत्येक प्राण्याला एक पान द्या. वरती जागा, तारीख आणि वेळ. मग अंगावर काय आहे, उपांगं किती, चालताना शरीर कुठल्या दिशेने वळतं, आणि शेवटी वर्ग. ‘का’ हा रकाना रिकामा ठेवू नका, वर्ग चुकला तरी चालेल. शरीर कुठे वळतं याला महत्त्व द्या. मासा, साप, पाल यांचा कणा डावी-उजवीकडे वळतो. धावणाऱ्या कुत्र्याची पाठ वर-खाली वाकते.

एप्रिल-मेमध्ये चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांच्या खालच्या खडकांवर सरड्याचे नर गळ्याचा पंखा उघडून बसतात, निळा, काळा आणि केशरी. २०१६ मध्ये ‘सरडा सुपर्बा’ म्हणून वर्णन झालेली जात हीच. जिल्ह्याचं नाव मिळालेली ‘हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस’ ही पालही याच भागातली, तिचं वर्णन २००८ सालचं. दोन्ही बघताना दगड उलटवू नका.

पावसाळ्यात कोयनेच्या पट्ट्यात बेडूक-भेक. रात्री टॉर्च घेऊन, पायात बूट घालून, आणि मोठ्या माणसाबरोबरच.

हिवाळ्यात मायणीच्या तलावावर पक्षी. पाणी किती आहे याची आधी चौकशी करून निघा. त्याच दिवसांत कृष्णेच्या काठावर, औदुंबर-भिलवडीच्या बाजूला, मगरी उन्हाला येतात. त्या पुलावरून किंवा उंच घाटावरून दुर्बिणीने बघायच्या. पाण्याच्या कडेला जायचं नाही, आणि मुलांना पुढे धाडायचं नाही.

सागरेश्वर अभयारण्यात चितळ, सांबर आणि काळवीट एकाच फेरीत दिसू शकतात. तिथे मुलांना एक काम द्या. चितळ-सांबराच्या नरांची शिंगं फाटे असलेली, भरीव हाडाची, आणि ठरावीक काळाने गळून नवी येणारी. काळविटाचं शिंग पिळाचं, बिनफाट्याचं, हाडाच्या गाभ्यावर नखाच्याच द्रव्याचं आवरण असलेलं, जन्मभर टिकणारं. दोन्हींचं चित्र तिथेच, समोर बघून काढून घ्यायचं. घरी येऊन आठवणीने काढलेल्या चित्रात फाटे चुकतात.